चित्रातली आई घाबरलेली आहे

फ्रान्चेस्का सान्ना या इटालियन चित्रकर्तीचे ‘द जर्नी’ हे २०१६ साली प्रसिद्ध झालेले चित्रपुस्तक मी माझ्या सहा वर्षांच्या भाचीला पहिल्यांदा वाचून दाखवले, तेव्हा मध्यावरच्या एका पानावर आमचे वाचन अडले. युद्धाने वडिलांना नेले आहे, आई दोन मुलांना घेऊन घरातून निघाली आहे, सीमेवरच्या पहारेकऱ्याने त्यांना परत जायला सांगितले आहे आणि ती तिघे रात्रीच्या अंधारात जंगलात आडवी झाली आहेत. गोष्ट सांगणारे मूल म्हणते की अंधाराची भीती वाटते, पण आई जवळ आहे आणि आई कधीच घाबरत नाही. हे वाक्य मी मराठीत सांगितले आणि पान उलटायला हात नेला, तर भाचीने तो धरून ठेवला. ‘‘मावशी, पुस्तकात चुकीचं लिहिलंय,’’ ती म्हणाली, ‘‘आई रडतेय.’’

मी पुन्हा पाहिले. मुलांचे डोळे मिटलेले होते आणि त्यांना कवेत घेऊन पडलेल्या आईच्या गालांवरून अश्रू वाहत होते. ते पुस्तक मी त्याआधी दोनदा वाचले होते, पण दोन्ही वेळा माझी नजर अक्षरांवरून घरंगळत पुढे गेली होती. ज्या मुलीला अजून नीट वाचता येत नव्हते, तिला मात्र चुकवायला अक्षरेच नसल्यामुळे सगळे दिसले. चित्रपुस्तक या प्रकाराची खरी ताकद मला त्या दिवशी कळली, असे म्हणायला हरकत नाही. त्यात गोष्ट सांगणारे दोघे असतात आणि ते दोघे एकमेकांशी सहमत असतीलच असे नाही. इथे शब्द मुलाच्या विश्वासाच्या बाजूने उभे आहेत आणि चित्र आईच्या बाजूने. ऐकणारे मूल त्या दोघांच्या मध्ये बसून, गोष्टीतल्या मुलापेक्षा थोडे अधिक जाणते. आई कणखर होती, पण मनातून हादरलेली होती, असे एखादे वाक्य लेखिकेने लिहिले असते तर ते बरोबर ठरले असते आणि वायाही गेले असते.

२०१५ च्या सुमारास सीरियातून जीव मुठीत धरून निघालेल्या माणसांच्या बातम्या जगभर पोहोचल्या आणि त्यानंतरच्या काही वर्षांत निर्वासितांवरच्या चित्रपुस्तकांची संख्या भराभर वाढली. गेली काही वर्षे मी ती मिळतील तशी वाचते आहे, मुलांना वाचून दाखवते आहे, आणि एक गोष्ट स्पष्टच सांगते, की त्यांतली बरीचशी पुस्तके भल्या हेतूने केलेली आणि कंटाळवाणी आहेत. एक मोठ्या डोळ्यांचे, गप्प, फाटक्या कपड्यांतले मूल येते, इथले एक गोड मूल त्याला आपले खेळणे देते, ते हसते, पुस्तक संपते. अशा गोष्टीत निर्वासित मुलाचे काम एकच असते, ते म्हणजे दुसऱ्याच्या चांगुलपणाला निमित्त होणे. त्याला आवडीनिवडी नसतात, ते हट्ट करत नाही, खोटे बोलत नाही, त्याला कोणाचा राग येत नाही. म्हणून हल्ली असे पुस्तक हातात आले की मी एक साधी कसोटी लावते: शेवटच्या पानापर्यंत या मुलाने कोणाला काही दिले का? वस्तूच दिली पाहिजे असे नाही. शब्द, वाट, नकार, काहीही चालेल. पण सगळे देणे एकाच दिशेने वाहत असेल, तर त्या पुस्तकातून वाचणारे मूल दया शिकेल आणि दयेबरोबर थोडा तोराही शिकेल, अशी मला भीती वाटते.

या कसोटीला पूर्ण उतरणारे पुस्तक म्हणजे कॅरन लिन विल्यम्स आणि खद्रा मोहम्मद यांचे २००७ सालचे ‘फोर फीट, टू सँडल्स’. पेशावरजवळच्या छावणीत मदतीच्या कपड्यांचा ट्रक येतो, झुंबड उडते आणि लीना या अफगाण मुलीच्या हाती एक सँडल लागते. दुसऱ्या पायाची सँडल मिळालेली असते फिरोझाला. दोघींना आधी एकमेकींची नावेही ठाऊक नसतात. मग त्या ठरवतात की जोड एकीने एक दिवस घालायचा आणि दुसरीने दुसऱ्या दिवशी. त्या पुस्तकात बाहेरून आलेला कोणी दयाळू तारणहार नाही. मदत करणारे आहेत, पण ते ट्रकवर आहेत आणि ओझरते दिसतात. चांगुलपणा आहे तो दोन अनवाणी मुलींच्या आपापसातला, आणि त्यात वाटाघाट आहे, पाळी आहे, थोडा संकोच आहे. पुढे लीनाच्या कुटुंबाला अमेरिकेत जाण्याची परवानगी मिळते, तेव्हा दोघी एकेक सँडल आपल्याकडे ठेवून घेतात. म्हणजे शेवटी पुन्हा एकेकच सँडल, अगदी सुरुवातीसारखी, पण तिचा अर्थ पार बदललेला. हे पुस्तक का लिहिले गेले तेही ऐकण्यासारखे आहे: आमच्यासारख्या मुलांवर पुस्तके का नाहीत, असे एका निर्वासित मुलीने लेखिकांना विचारले होते.

वेंडी मेडूर यांच्या ‘लुबना अँड पेबल’ या २०१९ सालच्या पुस्तकातही असेच काहीसे घडते. लुबनाला समुद्रकिनाऱ्यावर एक गोटा सापडतो, ती त्यावर तोंड रंगवते आणि तंबूंच्या जगात तोच तिचा जिवलग होतो. पुढे छावणीत अमीर नावाचा एक छोटा मुलगा येतो आणि लुबनाची तिथून निघायची वेळ झाली की ती तो गोटा त्याला देऊन टाकते. जिच्याकडे देण्यासारखे एकच होते, तिने ते दिले. आणि ती निर्वासितच होती.

छावणीत घडणाऱ्या गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात त्याला आणखी एक कारण आहे. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाच्या आकडेवारीनुसार २०२४ च्या अखेरीस जगात १२ कोटी ३२ लाख माणसे बळजबरीने घरांतून उखडली गेलेली होती आणि त्यांत सुमारे ४० टक्के मुले होती. यांतल्या ७ कोटींहून अधिक माणसांनी कोणतीही सीमा ओलांडलेली नाही. ती स्वतःच्याच देशात परागंदा आहेत. ज्यांनी सीमा ओलांडली त्यांतले बहुसंख्य शेजारच्या देशात थांबले आहेत. चित्रपुस्तकांतला निर्वासित मात्र बहुतेक वेळा होडीत बसतो, समुद्र पार करतो आणि एका थंड, श्रीमंत शहरात पोहोचतो. पुस्तके त्या शहरांत छापली जातात, हे त्याचे उघड कारण. त्यामुळे वाचणाऱ्या मुलाच्या मनात प्रवासाचा जो नकाशा तयार होतो, त्यात वाटेवरच आयुष्य काढणाऱ्यांना जागाच उरत नाही.

शब्दांचेही असेच काहीतरी होते. ही पुस्तके मुळात बहुधा इंग्रजीत असतात आणि मी ती वाचता वाचताच मराठीत सांगते, त्यामुळे दर दोन पानांनी शब्द निवडावा लागतो. ‘निर्वासित’ म्हटले की त्यात राहत्या जागेतून घालवून दिले जाणे येते, म्हणजे त्या माणसाचा भूतकाळ येतो. ‘शरणार्थी’ म्हटले की त्याची याचना येते. ‘विस्थापित’ हा शब्द सरकारी कागदावरून उठून आल्यासारखा वाटतो, आणि वर्तमानपत्रांतला ‘घुसखोर’ हा शब्द तर माणूस दारात पोहोचण्याआधीच निकाल देऊन मोकळा होतो. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांपैकी कशापायी छळ होईल अशी रास्त भीती असल्यामुळे जो स्वतःच्या देशाबाहेर आहे आणि परतू शकत नाही, तो निर्वासित. ही व्याख्या सहा वर्षांच्या मुलीला सांगता येत नाही. मी तिला सांगितले, ‘‘ज्यांना घरी राहिलं तर धोका आहे, म्हणून घर सोडावं लागलं, ती माणसं.’’ त्यावर तिचा प्रश्न होता, ‘‘धोका कोणाचा?’’

अनेक चित्रपुस्तके हाच प्रश्न टाळतात. युद्धाच्या जागी वादळ येते, पूर येतो, काळा ढग येतो, आणि माणसांच्या जागी अस्वले, ससे किंवा पक्षी येतात. प्राण्यांना माझी हरकत नाही. लहान मुलांना भीतीपासून हातभर अंतर हवे असते आणि ते अंतर प्राणी चांगले राखतात. हरकत आहे ती वादळाला. वादळ कोणी करत नाही. युद्ध कोणीतरी करते. युद्धाचे हवामान करून टाकले की मुलाच्या ‘कोणी?’ आणि ‘का?’ या दोन्ही प्रश्नांना दार उरत नाही, आणि निर्वासित होणे हे पावसात भिजण्याइतके नैसर्गिक वाटू लागते. ‘द जर्नी’मध्येही युद्धाचे पाणी काळ्या लाटांसारखे पानभर पसरत जाते आणि देशाचे नाव कुठेच येत नाही, हे मला कबूल केले पाहिजे. तिथे ते चालून जाते, कारण पुढे पहारेकरी आहे, भिंत आहे, पैसे घेऊन सीमा पार करून देणारा माणूस आहे; म्हणजे माणसांनी केलेल्या गोष्टी माणसांच्याच रूपात दिसत राहतात.

निकोला डेव्हिस यांच्या ‘द डे वॉर केम’ या २०१८ सालच्या पुस्तकात हा धागा फार हुशारीने पकडला आहे. तिथे युद्ध दुपारच्या जेवणानंतर शाळेत गारांसारखे येते, म्हणजे सुरुवात हवामानाचीच आहे. मुलगी घर, गाव, माणसे गमावून दूरच्या गावी पोहोचते, पण युद्ध तिच्या मागोमाग येते, तिच्या स्वप्नांत राहते आणि शेवटी ती रस्त्यावरून जाताना बंद होणाऱ्या दारांतही तिला तेच दिसते. शाळेच्या खिडकीतून तिला आत मुले शिकताना दिसतात, पण बाई म्हणतात की तुझ्यासाठी खुर्ची नाही. मग एक मूल तिच्याकडे खुर्ची घेऊन येते, आणि त्याच्यामागून आणखी मुले खुर्च्या घेऊन येतात. ही कल्पना हवेतून आलेली नाही. पालकांविना एकट्या पडलेल्या ३,००० निर्वासित मुलांना आश्रय देण्याचा प्रस्ताव ब्रिटिश सरकारने २०१६ मध्ये नाकारला, तेव्हा ही कविता आधी वृत्तपत्रातून प्रसिद्ध झाली आणि तिच्या पाठोपाठ अनेक चित्रकारांनी रिकाम्या खुर्च्यांची चित्रे काढली. मला त्या खुर्चीबद्दल विशेष आदर वाटतो. खुर्ची ही भेटवस्तू नाही. वर्गात बसणाऱ्या प्रत्येकाला ती मिळतेच, आणि म्हणूनच ती न मिळणे इतके लागते.

चांगुलपणावरच्या पुस्तकांत मी सर्वांत वरचे स्थान ज्या पुस्तकाला देते, त्यात चांगुलपणा घडतच नाही. जॅकलिन वुडसन यांच्या ‘ईच काइंडनेस’ (२०१२) मध्ये माया नावाची नवी मुलगी भर थंडीत वर्गात येते. ती निर्वासित नाही, गरीब आहे. तिचे कपडे जुने आहेत आणि पायांतले बूट त्या थंडीसाठी नाहीत. गोष्ट सांगणारी क्लोई तिच्या शेजारची खुर्ची थोडी दूर सरकवते. माया रोज काहीतरी खेळणे घेऊन येते, खेळशील का म्हणून विचारते आणि रोज नकार घेऊन परत जाते. एक दिवस तिची जागा रिकामी असते. त्याच दिवशी बाई पाण्याच्या भांड्यात खडा टाकून तरंग दाखवतात आणि प्रत्येकाला आपण केलेली एखादी चांगली गोष्ट सांगायला लावतात. क्लोईला एकही आठवत नाही. उद्या हसून बोलायचे असे ती ठरवते, पण मायाचे कुटुंब गाव सोडून गेलेले असते. पुस्तक तिथेच, तळ्याकाठी संपते. माफी नाही, पत्र नाही, अचानक भेट नाही. भाचीने ते पुस्तक तीन रात्री लागोपाठ वाचायला लावले. तिसऱ्या रात्री कारण विचारले तर म्हणाली, ‘‘आज तरी ती परत येते का, ते बघायचं होतं.’’

एवढी कठोर पुस्तके लहान मुलांना द्यावीत का, असे मला काही पालकांनी विचारले आहे. माझे उत्तर असे की क्लोईने जे केले ते प्रत्येक मुलाने केव्हातरी केलेले असते, आणि आपल्यासारखेच वागणारे कोणीतरी पुस्तकात भेटणे ही मुलांसाठी शिक्षा नसते. त्यांना एकटे वाटत नाही. मात्र पुस्तक संपल्यावर ‘बघ, तू पण परवा तिच्याशी असंच वागलीस ना’ असे म्हणण्याचा मोह आवरावा. तो मला एकदा आवरला नाही आणि पुढचा महिनाभर ते पुस्तक पलंगाखाली होते.

परक्या संस्कृतींवरच्या पुस्तकांबद्दल मी थोडक्यात लिहिते, कारण त्यांतल्या बहुतेकांचा दोष एकच आहे. ती वर्षभर सण साजरे करतात. पारंपरिक पोशाख, नाच, एखादा खास पदार्थ, आणि शेवटी आपण सगळे सारखेच आहोत असे घाईने काढलेले अनुमान. त्या मुलांना सोमवारची सकाळ नसते, दात घासायचा कंटाळा नसतो. रुडीन सिम्स बिशप या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९९० मध्ये पुस्तकांना आरसे, खिडक्या आणि सरकती काचेची दारे म्हटले होते. हे रूपक आता फार वापरून गुळगुळीत झाले आहे, पण त्यातले तिसरे अंग, म्हणजे दार, लोक विसरतात. सणांच्या पुस्तकांना खिडकी असते, दार नसते. मॅट लमॉथ यांच्या ‘धिस इज हाउ वी डू इट’ (२०१७) मध्ये ते आहे. इटली, जपान, इराण, भारत, पेरू, युगांडा आणि रशिया या सात देशांतल्या खऱ्या सात मुलांचा एक साधा दिवस त्यात चितारला आहे: घर, शाळेची वाट, जेवण, गृहपाठ, झोप. शेवटी त्या कुटुंबांची छायाचित्रे आहेत. भाचीने त्या पानावर सर्वाधिक वेळ काढला आणि कोणत्या घरात कोण कुठे झोपते याचा तपशीलवार अभ्यास केला. तिला साम्यापेक्षा फरकांतच अधिक रस होता, आणि त्यात गैर काय आहे तेही मला समजत नाही.

ज्या मुलांबद्दल ही पुस्तके आहेत, त्यांच्या हातात ती पडली तर? त्यांना ती भाषा येत नसेल तर? आंतरराष्ट्रीय बालपुस्तक मंडळाने २०१२ मध्ये लाम्पेदुसा या इटालियन बेटासाठी, म्हणजे समुद्रमार्गे युरोप गाठणाऱ्या असंख्य माणसांच्या पहिल्या थांब्यासाठी, जगभरातून शब्दविरहित चित्रपुस्तके गोळा करायला सुरुवात केली. बेटावरची मुले आणि होडीतून उतरलेली मुले दोघांनाही ती सारखीच वाचता यावीत म्हणून. शॉन टॅन यांच्या ‘द अरायव्हल’ (२००६) मध्येही शब्द नाहीत, आणि चित्रांतल्या पाट्यांवर जी लिपी आहे ती त्यांनी स्वतः बनवलेली आहे. ती कोणालाच वाचता येत नाही. वाचक कितीही शिकलेला असो, नव्या शहरात तो नायकाइतकाच निरक्षर. तिथेही माझी कसोटी लागते: अखेरच्या चित्रात नायकाची मुलगी, जी स्वतः नुकतीच आलेली आहे, आणखी एका नवागताला बोटाने वाट दाखवते आहे.

हे मंडळ ज्यांनी स्थापन केले त्या येला लेपमान स्वतः निर्वासित होत्या. श्टुटगार्टमध्ये जन्मलेल्या या ज्यू पत्रकार बाईंना नाझी राजवटीत जर्मनी सोडावी लागली आणि त्या इंग्लंडला गेल्या. युद्ध संपल्यावर त्या अमेरिकन सैन्याच्या सल्लागार म्हणून परत आल्या, आणि ज्या देशाने आपल्याला हाकलले त्याच देशाच्या मुलांसाठी प्रदर्शन भरवायला त्यांनी वीस देशांकडे पुस्तके मागितली. बेल्जियमने नकार कळवला: जर्मनांनी आमच्यावर दोनदा आक्रमण केले आहे. लेपमानबाईंनी पुन्हा पत्र लिहिले आणि बेल्जियमने उत्तम संच पाठवला. १९४६ मध्ये म्युनिकला ते प्रदर्शन भरले, १९४९ मध्ये तिथेच आंतरराष्ट्रीय बालग्रंथालय उभे राहिले आणि १९५३ मध्ये मंडळ. चांगुलपणा असा दुसऱ्या पत्राने येतो, हे मला त्या बेल्जियमच्या नकाराइतकेच आवडते.

आता माझ्याच एका फजितीविषयी. एका शाळेत मी ‘द जर्नी’ वाचून दाखवले आणि काय वाटले म्हणून विचारले. पस्तीस मुलांनी एका सुरात ‘वाईट वाटलं’ असे उत्तर दिले. हे उत्तर मुलांना पाठ असते. मोठ्यांना काय ऐकायचे आहे ते त्यांना आपल्याआधी कळते. तेव्हा मी ठेवणीतला खेळ काढला: प्रत्येकाला एक कागद दिला आणि सांगितले की आज रात्री घर सोडायचे आहे, एका पिशवीत मावतील अशा पाच वस्तू लिहा. वर्गात सहलीचा उत्साह पसरला. चार्जर, बिस्किटे, क्रिकेटची बॅट, पत्ते. मागच्या बाकावर एक मुलगी होती, दोन महिन्यांपूर्वीच त्या शाळेत आलेली. कुठून आणि का, ते मी विचारले नव्हते. तिचा कागद कोरा होता. मी जवळ गेले, तेव्हा तिने पेन्सिल खाली ठेवली आणि हळू आवाजात विचारले, ‘‘परत यायचं आहे, की नाही? म्हणजे तसं लिहिते.’’